चोरघंटेचे डबे

सातारा, २० जानेवारी १९७४

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

माझं अक्षर ओळखलंस ना? तुझा पत्ता चंद्राबाईंनी मिळवून दिला. शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या चंद्राबाई. त्यांची बहीण आष्ट्याला दिलेली आहे, तिने तुला बाजारात पाहिलं. मला आपलं वाटत होतं की तुम्ही अजून कोयनानगरलाच आहात. रेडिओवर तिकडच्या भूकंपाच्या धक्क्याची बातमी आली की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. आष्ट्याला येऊन तुम्हाला वर्ष होऊन गेलं म्हणतात. बरं झालं.

तू लग्न करून पत्र पाठवलंस, त्या दिवशी तुझ्या बाबांनी ते वाचून घडी केली आणि बँकेत निघून गेले. संध्याकाळी आल्यावर एवढंच म्हणाले, "आता या घरात आपण दोघंच." तेव्हापासून तुझं नाव त्यांच्या तोंडी नाही आणि माझ्या तोंडी आलं तर ते उठून जातात. म्हणून हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर पाठवशील तर गिरणीच्या पत्त्यावर पाठव.

बाबा डिसेंबरअखेर निवृत्त झाले. बँकेने शाल, नारळ दिला, भाषणं झाली. मी जेवायला वाट पाहत होते, तर हे आले ते शालीत काहीतरी भलं मोठं गुंडाळून. मला वाटलं, भेटवस्तू असेल. उघडून पाहते तर बँकेच्या भिंतीवरचा तो लाल डबा. चोरघंटेचा. त्याच दिवशी माणसं नवीन घंटा बसवत होती, आणि जुना डबा मागच्या अंगणात टाकून दिलेला यांनी पाहिला. साहेबांना विचारून उचलून आणला. ती शाल गंजाने कायमची डागाळली.

तो डबा तू लहानपणी पाहिला आहेस. उतरतं छप्पर, पुढे सूर्याच्या किरणांसारख्या चिरा, आणि रंगाऱ्याने वर दोन डोळे काढलेले. तू त्याला घाबरायचीस. यांच्या कॅशच्या खिडकीत पायापाशी त्या घंटेचं बटण होतं. मी विचारलं, "कधी दाबलंत का हो?" तर म्हणाले, "कधीच नाही. पण पाय रोज तिथे जाऊन यायचा."

मागच्या अंगणातल्या भिंतीवर त्यांनी तो टांगला आहे. सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसतात.

तुझी प्रकृती कशी आहे? अर्जुनरावांना आशीर्वाद सांग. त्यांना मी पाहिलेलं नाही, पण आशीर्वादाला त्याची गरज नसते.

तुझी आई


सातारा, ६ मे १९७४

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चंद्राबाईंनी पदराखाली लपवून आणलं आणि म्हणाल्या, "वहिनी, लेकीचं हाय, निवांत वाचा. मी हितं बसती." मी वाचून होईपर्यंत त्या दारात राखणीला बसल्या होत्या.

अर्जुनराव आष्ट्याला दादासोंच्या कारखान्यात भागीदार झाले आणि घंटा, विजेच्या मोटारी असली कामं करतात, हे वाचून बरं वाटलं. कोयनेच्या सरकारी कामापेक्षा स्वतःचं काम बरं. दादासो पलटणीत सिग्नलमध्ये, तारांच्या कामावर होते म्हणतेस, तेव्हा काम पक्कं असणार.

इकडचं सांगू? तू हसशील. बाबांना त्या डब्यांचा नाद लागला आहे. एकदा बाजारात जाताना ते मान वर करून उभेच राहिले. एका पेढीच्या भिंतीवर हिरवा डबा होता, त्याच्यावर घुबड काढलेलं. म्हणाले, "इतकी वर्षं या रस्त्याने गेलो, हे कधी पाहिलंच नाही." मग साताऱ्यातले सगळे डबे बघून झाले. आता एसटीने बाहेरगावी जातात आणि मला बरोबर नेतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं असे कधी फिरलो नव्हतो. तुझ्यावाचून हे सुख घ्यायला मला चोरट्यासारखं होतं, पण सुख आहे हे खरं.

वाईला एका पतपेढीचा डबा देवळाच्या शिखरासारखा केला आहे, वर कळससुद्धा. येणारी जाणारी माणसं खालून हात जोडून जातात. बाबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "घंटा आहे म्हटल्यावर चुकलं कुठे त्यांचं?"

कोरेगावला नानासोंचं बियाण्याचं दुकान आहे. त्यांच्या डब्यावर भुंकणारा कुत्रा काढलाय, अगदी दात बाहेर काढलेला. बाबांनी चौकशी केली, घंटा कुठल्या बनावटीची, तारा कुठून नेल्यात. नानासो म्हणाले, "कसली घंटा आन् कसल्या तारा. आत कायबी न्हाई, नुसता डबा हाय."

"मग लावलाय कशाला?"

"चोराला काय ठावं?"

बाबा हसले. शरयू, मी त्यांना दोन वर्षांनी हसताना पाहिलं. नानासोंना वाटलं, पाहुण्याला आपली थट्टा करायची आहे, पण मग त्यांनीच चहा मागवला. निघताना बाबांनी सांगितलं, "कधी काढून टाकलात तर मला कळवा, मी घेऊन जाईन."

असे आता बरेच डबे भिंतीवर आले आहेत. चंद्राबाई म्हणतात, "भावजी बँक काढत्यात जणू." बाबा रिकाम्या डब्याला कमी लेखत नाहीत. ते म्हणतात, ज्याने केला त्याने मन लावून केलाय का तेवढंच पाहायचं. पत्रा नीट वाकवलाय का, पावसाचं पाणी आत जाईल का, आवाज बाहेर यायला वाट ठेवली आहे का.

मी एकदा म्हटलं, कोयनानगरलाही बँक आहे, तिथे बघू या. ते बूट घालत होते. खाली मान घालूनच म्हणाले, "तिकडे नको."

तुम्ही तिथे नाही हे त्यांना अजून माहीत नाही. मी सांगितलं नाही. सांगू का, ते तू कळव.

तुझी आई


सातारा, २८ ऑगस्ट १९७४

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

सांगू नकोस असं तू लिहिलंस, म्हणून नाही सांगितलं. पण आता एक गोष्ट अशी झाली आहे की न सांगणं मला जड जातंय.

गेल्या आठवड्यात आम्ही सांगलीला गेलो होतो. हळदीच्या एका व्यापाऱ्याचा पिवळा डबा पाहिला. त्यावर हळकुंड काढलेलं, ते लांबून अगदी कुणी हात वर करून थांब म्हणावं तसं दिसतं. बाबा खूश होते. मग सराफ कट्ट्यावर गेलो आणि एका दुकानापुढे ते उभे राहिले, ते हलेचनात.

साधा डबा होता, रंग राखाडी. त्यावर ना डोळे, ना वाघ, ना कुत्रा. आवाज बाहेर पडायला पुढे ज्या चिरा पाडतात, त्या चिरांचीच वेल केली होती. एका कोपऱ्यातून निघून चारी बाजूंनी फिरत येणारी, कोयऱ्या आणि पानांची. बाबा म्हणाले, "हे बघ. हा पत्रा आहे, पण वेल कशी वळली आहे. कागदावरसुद्धा अशी वळत नाही. हा कुणी तरी कलावंत आहे."

मी बघितलं आणि माझा हात पदराकडे गेला. वेलीचं शेवटचं पान उलट्या दिशेला तोंड करून होतं.

आपल्या दारात तू रोज रांगोळी काढायचीस आणि शेवटचं पान उलटं काढायचीस. मी म्हणायचे, अगं, चुकलं. तू म्हणायचीस, चुकलं नाही, ते मागे वळून बघतंय. ते पान मी कुठेही ओळखेन. तुझे बाबा रोज सकाळी बँकेत जाताना त्या रांगोळीवरून पाऊल टाकून जायचे. त्यांनी खाली पाहिलेलं मला आठवत नाही.

दुकानातल्या माणसाला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "आष्ट्याचे दादासो बनवून देतात. मिलिटरीतला माणूस आहे." बाबांनी पत्ता घेतला. गाडीत ते खिडकीपाशी बसून त्या वेलीबद्दल बोलत होते आणि मी कऱ्हाड येईपर्यंत बाहेर बघत होते.

ते तुझंच आहे ना? मला लिही. मला माहीत आहे, तरी तू लिही.

तुझी आई


सातारा, १४ डिसेंबर १९७४

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

घाईने लिहिते आहे. बाबांनी दादासोंना कार्ड टाकलं होतं, ते तुला माहीत आहेच. दादासोंचं उत्तर आलं. "आमच्या डब्यांचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं न्हाई, एकदा येऊन कारखाना बघावा, सोबत वहिनींना आणावं." बाबांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. दादासोंना आम्ही कोण हे ठाऊक नसेल, पण अर्जुनरावांनी पत्त्यावरून ओळखलं असणार.

येत्या शनिवारी आम्ही सकाळच्या सांगली गाडीने निघतो आहोत. मी अंग दुखतंय, थंडी आहे असं सगळं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तू राहा, मी जाऊन येतो." एकट्याने जाऊ देण्यापेक्षा मी बरोबर असलेली बरी.

आता तुला मी काय सांगू? तू घरी थांब असंही सांगवत नाही आणि बाहेर जा असंही सांगवत नाही. ते काय करतील याची मला खात्री नाही. ते उठून चालते झाले तर तुला आयुष्यभर ते दिसत राहील. पण नाही झाले तर? तुझं तू ठरव. जे ठरवशील त्याला मी नावं ठेवणार नाही.

तुझी आई


सातारा, २७ डिसेंबर १९७४

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

अर्जुनरावांनी तुला सगळं सांगितलं असेल. पण त्यांनी स्वतःबद्दल कमी सांगितलं असेल, म्हणून मी लिहिते.

आम्ही पोचलो तेव्हा दादासो दारातच होते. मोठ्या मिशांचे, मोकळ्या मनाचे गृहस्थ. "या, या, आवं तुमच्यासारखी मानसं येत्यात कुठं आमच्याकडं," म्हणून आत घेऊन गेले. आत एक उंच तरुण पत्रा कापत होता. त्याने कात्री खाली ठेवली, हात पुसले आणि आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. मी ओळखलं. बाबांनी फक्त "असू दे, असू दे" म्हटलं, कारण त्यांचं लक्ष डब्यांकडे होतं.

ते तासभर तरी बघत होते. प्रत्येक डबा हातात घेऊन, उलटा करून. छप्पर किती पुढे घ्यावं यावर त्यांची आणि अर्जुनरावांची बोलणी चालली होती. अर्जुनराव नीट ऐकत होते आणि पटलं नाही तिथे तसं सांगतही होते. "एवढं फुडं घेतलं की आवाज दबतो, काका." बाबांना ते आवडलं, हे मला कळत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि ही नक्षी कोण काढतं?"

दादासोंनी अर्जुनरावांकडे बघितलं. मीही बघितलं. त्यांनी नाव चुकवलं असतं तर चाललं असतं, तूच त्यांना तसं सांगितलं होतंस ना? पण ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "माझी बायको काढती. तुमची शरयू."

बाबांच्या हातात डबा होता, तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. दादासोंना काय झालं ते समजेना. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आधी सांगायचं नाही का?"

"इचारलं न्हवतं तवर गप हुतो. इचारल्यावर खोटं कसं सांगू?"

बाबांनी पाणी मागितलं. प्यायले. मग म्हणाले, "ती कुठे आहे?"

"सांगलीला गेलीया. सांजच्याला यील."

मला वाटलं, आता उठतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थांबू या."

शरयू, ते थांबले. तुमच्या घरी आले, अर्जुनरावांच्या राहीबाई काकूंनी वाढलेली भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. भिंतीवर तू चिकटवलेले नक्षीचे कागद बघितले, हात लावला नाही. मग म्हणाले, स्टँडवर बसू. सांगलीकडून गाडी आली की उठून उभे राहायचे, उतरणाऱ्या माणसांकडे बघायचे आणि परत बसायचे. अर्जुनराव बाजूला उभे होते. मध्येच त्यांनी बाबांना विचारलं, "चा आणू का?" बाबा म्हणाले, "आणा." ते दोघं शेजारी उभे राहून चहा प्यायले. तू आली नाहीस. साताऱ्याची शेवटची गाडी लागली तेव्हा बाबाच म्हणाले, "चला."

मी तुला बोल लावत नाही. तू ठरव असं मीच म्हटलं होतं. पण तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

उंब्रजच्या पुढे एकदाच म्हणाले, "नक्षी चांगली आहे." मी म्हटलं, लहानपणापासून काढते. ते म्हणाले, "हो का?"

तुझी आई


सातारा, ९ जून १९७५

चि. शरयू,

बाबांना अर्धांगाचा झटका आला. गेल्या बुधवारी, सकाळी अंगणात बसलेले असताना. कपबशी फुटल्याचा आवाज आला म्हणून मी गेले. चंद्राबाई आणि त्यांच्या गिरणीतला गडी धावून आले नसते तर मला एकटीला ते उचलले नसते. डॉक्टर म्हणतात, जिवावरचा धोका टळला आहे. उजवा हात, उजवा पाय चालत नाही. जीभ जड झाली आहे, बोललेलं मला समजतं, बाकीच्यांना समजत नाही.

वर्षभर तू गिरणीच्या पत्त्यावर पत्रं पाठवत होतीस. आता सरळ घरच्या पत्त्यावर पाठव. मी त्यांना सांगितलं आहे की आपण एकमेकींना लिहीत होतो. ते म्हणाले, "माहीत आहे. शाई बोटांना लागते तुझ्या."

काल त्यांनी तुझं नाव घेतलं. मी वाटीने पेज पाजत होते. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "शरयूला कळवलंस का?" मी म्हटलं, "कळवू?" तर रागाने बघितलं, म्हणजे एवढंही विचारायला लागतं का, अशा अर्थी.

तेव्हा कळवते आहे. ये. अडचण असेल तरी ये.

आई


सातारा, १६ जून १९७५

ती. अर्जुनरावांस नमस्कार.

मी सुखरूप पोचले. स्टँडवर मला घ्यायला चंद्राबाई आल्या होत्या. वाटभर त्या बोलत होत्या आणि मला काही ऐकू येत नव्हतं. घर जवळ आलं तशी मी त्यांना म्हटलं, जरा थांबू या का? त्या म्हणाल्या, "पोरी, तीन वर्सं थांबलीस की. आता काय थांबतीस." आणि माझी पिशवी घेऊन त्या पुढे गेल्या.

बाबा मागच्या खोलीत कॉटवर आहेत. खूप वाळले आहेत. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आहे, म्हणून रागावल्यासारखे दिसतात. मी पाया पडले. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही. आई दारातून म्हणाली, "विचारतायत, जेवलीस का?"

दोन दिवस मी त्यांना भरवते आहे, आईला झोप मिळाली. ते फारसं बोलत नाहीत. आज दुपारी त्यांनी मला जवळ बसायची खूण केली आणि म्हणाले, "आष्ट्याला आलो होतो. तू नव्हतीस." आता त्यांचे शब्द मला लागायला लागले आहेत.

मी खरं तेच सांगितलं. त्या दिवशी मी सांगलीला नदीच्या घाटावर बसून होते, तीन वेळा गाडीत चढले आणि तीनही वेळा उतरले. मला वाटलं, मला बघून बाबा उठून जातील आणि तेवढंच बघायला मी घरी येईन.

ते डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, झोप लागली. मग डावा हात पुढे करून त्यांनी माझं मनगट धरलं. धरायची ताकद नव्हती, नुसता ठेवला. म्हणाले, "गेलो असतो. पण कारखान्यात शिरेपर्यंतच. नंतर नाही."

लहानपणी ते माझ्याशी कधी असं बोललेले नाहीत. आईने बाहेर भांडी घासणं थांबवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुझे यजमान का आले नाहीत?"

मी म्हटलं, "तुम्ही मला बोलावलंत. त्यांना बोलावलं नव्हतंत."

ते विचारात पडले. बँकेत एखादी सही राहून गेली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला. म्हणाले, "खरं आहे. लिही मग. मी सांगतो."

मी कागद आणला. त्यांनी सावकाश सांगितलं, मध्ये थांबून, एकेक शब्द सोडवत. ते असं: येत्या रविवारी जेवायला यावं. दादासोंना कारखाना सांभाळायला सांगावं. दुपारची गाडी गर्दीची असते, सकाळी निघावं.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "अजून काही?"

ते म्हणाले, "सही कर. माझा हात चालत नाही. माझ्या नावाने तू कर."

तर खाली सही बाबांची आहे, अक्षर माझं आहे. रविवारी वाट बघतो.

शरच्चंद्र